पुसलेलंही परत आलं

आमच्या ऑफिसची गाडी चालवणारे दादा लातूरकडचे. कतारमधल्या उम्म सलाल मोहम्मदहून दोह्याला जाणाऱ्या त्या गाडीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून मी त्यांच्या मागच्या सीटवर बसायचे. त्यांची बायको-मुलगी गावाकडे. फोन भरला की लेकीचे व्हिडिओ ते एका पेन ड्राइव्हवर टाकून ठेवत.

एका सकाळी ते सिग्नलला म्हणाले, "ताई, घोळ झाला. पेन ड्राइव्ह खोलीतल्या टीव्हीला लावला. त्यानं कायतरी इंग्रजीत विचारलं, मी ओके दाबलं. सगळं खलास."

"फॉरमॅट झाला असेल. नंतर त्यात काही टाकलंत?"

"न्हाई. भ्यालो ना. रुमालात बांधून ठेवलाय."

"मग आशा आहे. फाइली लगेच जात नाहीत. कुठे काय ठेवलंय, ती खूण तेवढी जाते."

"इन्शाल्ला," ते म्हणाले.

शुक्रवारच्या सुट्टीत ते माझ्या घरी आले. फाइली शोधून काढणारं सॉफ्टवेअर मी लावलं आणि आम्ही चहा घेत बसलो. व्हिडिओ सापडले, पण नावं गेली होती, क्रमही गेला होता. एकेक उघडून बघावा लागला. लेक आधी शाळेत नाचली, मग रांगली. बारशाचा व्हिडिओ मध्येच गोठला, पुढे नुसता बायकांचा आवाज.

"असू द्या," दादा म्हणाले. "पाळणा तरी ऐकू येतोय."

मग एका व्हिडिओत विहीर आली. काठावर उघडाबंब माणूस हसत ओरडत होता, "ए बारक्या, मार की उडी!"

दादांनी कप खाली ठेवला. "हे कसं आलं? हे तर मीच पुसलं होतं."

तो त्यांचा थोरला भाऊ. जमिनीच्या वाटणीवरून बोलणं बंद झालेलं. मी सांगितलं, चुकून गेलेलं कुठलं आणि ठरवून पुसलेलं कुठलं, हे सॉफ्टवेअरला कळत नाही; जे मिळेल ते सगळं ते वर काढतं. ऑफिसात मी कॉम्प्युटरच बघते. रोजच्या कामातली ही गोष्ट, पण त्या दिवशी सांगताना मीच थांबले. आपण टाकून दिलेलंही कुठेतरी शाबूत असतं, याचा विचार मी कधी केला नव्हता.

"काढून टाकू?" मी विचारलं.

"परत लावा बरं."

मी लावला. पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी दादाच हसले आणि लगेच तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले. जाताना म्हणाले, "राहू द्या तो. पोरगी विचारती कधीकधी, काका कसा हाय म्हणून."

मी सगळ्याची आणखी एक प्रत करून दिली.

काही आठवड्यांनी ऑफिसच्या कामासाठी अल रुवैसला निघालो होतो. रस्ता मोकळा होता. दादा आपणहून म्हणाले, "भावाला फोन केला."

"काय म्हणाले?"

"काय न्हाई. पाऊस पडला का, विचारलं मी. पडला म्हणला. मग दोघंबी गप. पण फोन काय त्यानं ठेवला न्हाई."