नुसतं "जाते" म्हणून गेली

मंडळी, आज दिवसभर जीव टांगणीला होता.

माझी लेक रेवती जपानमध्ये याकुशिमा नावाच्या घनदाट जंगलाच्या बेटावर एकटीच फिरायला गेलीय. सकाळी मेसेज आला, "आई, जंगलात जाते. रेंज नसेल."

जाते? आम्ही कामोठ्यात खाली कोथिंबीर आणायला निघालो तरी "येते" म्हणतो!

मग फोन बंद. माझी डाळ करपली. हे म्हणाले, "मेसेजमध्ये कोण एवढं बघतं? टेन्शन नको घेऊस." आणि स्वतः सारखे तिथलं हवामान बघत होते.

दुपारी उशिरा एकदाचा तिचा व्हिडिओ कॉल आला. बूट चिखलाने माखलेले, चेहरा हसरा. शेवाळाने मढलेल्या झाडांचे फोटो दाखवायला लागली. मी आधी झापलं, "येते म्हणायला काय झालं होतं?"

"म्हटलं ना! इथेपण दारातून निघताना 'जाऊन येते' असंच म्हणतात, जपानीत. लॉजवाल्या आजी 'जाऊन ये' म्हणाल्या, मगच निघाले."

फोन ठेवल्यावर हायसं वाटायला हवं होतं. पण "येते" ऐकायला दारात मी नव्हते.

तुमची लांब गेलेली मुलं "येते" कोणाला सांगून निघतात हो?