कपाळावरची वेळ

तुम्ही मला भाविक म्हणता, मुलांनो. पण एक काळ असा होता की मला देवाचं नावही नकोसं झालं होतं. पन्नासच्या दशकातली गोष्ट. तुमचे आजोबा देहूजवळच्या एका लष्करी रुग्णालयात सर्जन होते, नव्या डॉक्टरांना शिकवतही. रक्त थांबवायला जखमीच्या पायाला पट्टा आवळला, की त्याची वेळ शाईने त्याच्या कपाळावर लिहायची, हा त्यांचा पहिला धडा. "कागद हरवतात, शहाण्यांनो. कपाळ हरवत नाही," म्हणायचे. घरी ते कामाचं बोलत नसत. त्यामुळे कपाळावरच्या वेळेचं मला फार उशिरा कळलं.

मी देहूहून बुक्का आणून तिथल्या रुग्णांना लावत असे. एका दुपारी चाकणच्या रस्त्यावर लष्करी ट्रक उलटला. रुग्णालयाच्या व्हरांड्यात स्ट्रेचरवर पायाला पट्टा आवळलेला एक जवान घामाने निथळत होता. मी पदराने त्याचं कपाळ स्वच्छ पुसलं आणि बुक्का लावला. घामाने पसरलेले शाईचे आकडे मला मळाचे डाग वाटले.

पट्टा बांधणारा डॉक्टर अपघाताच्या जागीच थांबला होता. पट्टा फार वेळ राहिला तर पाय मरतो आणि त्याचं विष अंगभर पसरतं; हा पट्टा किती वेळचा, कुणालाच सांगता येईना. पाय काळानिळा पडलेला. जीव वाचावा म्हणून तुमच्या आजोबांनी तो कापला. संध्याकाळी डॉक्टर परतला, तेव्हा कळलं की फारसा वेळ झालाच नव्हता. पाय कदाचित राहिला असता. मी पदरावरची शाई तुमच्या आजोबांना दाखवली. देवाचाच बुक्का लावताना माझ्या हातून हे व्हावं? मी देवळात जाणं सोडलं.

आठवड्याने जवानाची आई साताऱ्याकडच्या खेड्यातून आली. मला म्हणाली, "ल्योक म्हनतो, शुद्ध जाताना कपाळावर बाईचा हात व्हता. आईच आली वाटलं, म्हून जीव धरला. कोन हो ती माउली?"

"मीच," एवढं म्हणून पुढचं गिळणं सोपं होतं. कुणाला कळलंही नसतं. पण सगळं तोंडातून बाहेर पडलं. ते बळ कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही.

ती म्हणाली, "पाय मी इसरनार न्हाई, बाई. खोटं कशापायी बोलू? पन त्यो हातबी इसरनार न्हाई." आणि मुलाच्या खाटेवर जरा सरकून तिने मला बसायला जागा केली.

त्यानंतर मी देवाला जाब विचारला नाही. माझा दोष त्याने काढून घेतला नाही; तो घेऊन बसायला जागा मात्र दिली. मला तेवढं पुरलं.