निळीच राहिलेली बाटली

आज सूनबाईनं फरशी पुसायच्या पाण्यात फिनेल टाकलं आणि मी तिच्यावर खेकसलो. त्या वासानं अजून माझं डोकं फिरतं.

इंग्रजांच्या अमदानीत मी बेळगावच्या कॅम्पात पाणी तपासायच्या खोलीत कामाला होतो. बराकी धुतलेलं फिनेलचं पाणी सरळ नाल्यात जायचं. ते फिनेल नाल्यात आपोआप नाहीसं होतं का, हे साहेबाला बघायचं होतं. म्हणून नाल्याचं पाणी बाटलीत भरून मी त्यात निळा रंग टाकला आणि घट्ट बूच लावून पाच दिवस ठेवलं. पाण्यात घाण असली की जंतू ती खातात आणि रंग उडतो. आमची बाटली निळीच राहिली.

"पाणी शुद्ध," साहेब म्हणाला. मी तसं लिहिलं.

शुद्ध कसलं! रंग उडवणारे जंतूच फिनेलनं मेले होते. मला ते कळत होतं.

नाल्याकाठच्या मळ्यातली तानूआक्का तेव्हा दारातच उभी होती. ते पाणी पिऊन तिची म्हैस मेली होती.

"अण्णा, आमी हिरीत मासा सोडतो. त्यो जगला तरच पानी पितो. तुमच्या बाटलीत एक सोडून बघा की! न्हायतर घोटभर तुमीच प्या."

साहेबाला मराठी येत नव्हतं. बाई काय म्हणते, त्यानं मला विचारलं.

"काही नाही, सर," मी म्हणालो.