थर्मोकोलची भिंत

हे रेल्वेतून रिटायर झाले तेव्हा आम्ही ठरवलं, की कारच्या मागं झोपायची छोटी खोली जोडून हिंडायचं. आमची कार लहान, म्हणून खोली हलकी हवी होती. नानाखेड्यातल्या आमच्या घरासमोर ह्यांनी चाकांवर लाकडी पट्ट्यांचा सांगाडा उभा केला आणि मी त्यात थर्मोकोलच्या जाड शीट चिकटवत गेले.

गोंद टावर चौकातून आणला होता. "माताजी, ये सब पे चलता है," असं दुकानदार म्हणाला होता. तो लावून आत गेलो आणि चहा पिऊन बाहेर आलो, तर त्या गोंदानं एक अख्खी भिंत विरघळून तिला खड्डे पडले होते.

हे पायरीवर बसले. "आता माझ्याच्यानं होत नाही."

"माझ्याच्यानंही नाही," मी म्हटलं, "पण असं दारात किती दिवस ठेवणार?"

ती भिंत खरवडून, दुसरा गोंद आणून नव्यानं बसवली. सगळं होईतो उन्हाळा लागला.

पहिल्यांदा ओंकारेश्वरला निघालो, पण इंदूरच्या अलीकडेच ह्यांनी एका कडुनिंबाखाली गाडी थांबवली. आत गारवा होता. आडवे झालो ते ऊन उतरेपर्यंत उठलो नाही. इतकी झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

"पुढं जायचं?" ह्यांनी विचारलं.

"नको, एवढी झोप मिळाली, पुष्कळ झालं. घरी चला," मी म्हटलं. ह्यांनी गाडी वळवली.