लेकीच्या घरची साखर

माझे बाबा माझ्या घरी जेवत नसत. घोटभर पाणीसुद्धा नाही. दर रविवारी कामठीहून शेअर ऑटो आणि मग बस करून नागपुरात प्रताप नगरला यायचे, ते स्वतःची पाण्याची बाटली आणि पोळी-भाजीचा डबा घेऊन. मी केलेला स्वयंपाक ओट्यावर झाकून ठेवलेला, आणि हे गृहस्थ माझ्याच टेबलावर बसून आपली गार पोळी चावणार! नऊ वर्षं मी हे पाहिलं आणि दर रविवारी माझं डोकं फिरलं.

रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही. आता कोण पाळतं हो हे? आमच्या नात्यातले सगळे बाप लेकींकडे ताटभर जेवतात, वर ढेकर देतात. पण बाबांनी एकदा धरलं की धरलं. आई गेल्यावर तर जास्तच. मला मूल नाही याबद्दल जो तो तोंडावर विचारायचा, बाबांनी मात्र एका शब्दानं कधी विचारलं नाही. फक्त डबा उघडायचे. आणि मला तो डबा टोमणा वाटायचा, खरं सांगते. सासूच्या बोलण्यानं रडले नसेन इतकी त्या डब्यापायी बाथरूममध्ये जाऊन रडलेय.

तो एप्रिलचा रविवार होता. नवरा गावाला गेलेला. बाबा दहाच्या सुमारास आले आणि आल्या आल्या बाल्कनीतल्या कूलरला भिडले. दरवर्षी कूलरच्या वाळ्याच्या ताट्या तेच बदलतात. जन्म पॉवरलूमवर गेलेला, त्यामुळे कुठलंही यंत्र दिसलं की हात शिवशिवतात. त्या दिवशी पंप अडकला होता. तासाभराचं काम लांबत लांबत एक वाजला.

"बाबा, डबा खाऊन घ्या नं आता."

"खाल्ला मी. बसमधीच."

"बसमध्ये? तुम्ही?"

"भूक लागली होती. तू तुह्यं काम कर नं वं, काहून डोकं खाऊन राहिली?"

मी चिडून आत गेले. म्हटलं, बरंच झालं, आज तो डबा बघावा लागणार नाही. भांडी जरा जास्तच आपटून घासली.

अर्ध्या तासानं बाल्कनीत पाना पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा. जाऊन पाहते तर बाबा भिंतीला टेकून बसलेले, सदरा ओलाचिंब. नागपूरच्या एप्रिलात घामाचं कोणाला काय नवल! पण हात थरथरत होते, आणि ते माझ्याकडे बघून म्हणाले, "माग बंद कर. धागा तुटला."

बाबांना साखरेचा आजार आहे. सकाळी गोळी घेतली की वेळेवर जेवावंच लागतं, नाहीतर साखर एकदम उतरते. मी त्यांची पिशवी उलटी केली. बाटली होती. डबा नव्हता. खाल्ला असता तर रिकामा डबा तरी असता ना!

"बाबा, डबा कुठं आहे?"

"ऑटोत राहिला," असं पुटपुटले.

पेलाभर पाण्यात साखर ढवळून आणली आणि ओठांना लावली. त्यांनी तोंड फिरवलं.

"इथलं नाही."

"बाबा, मराल तुम्ही! प्या!"

"इथलं नाही म्हणलं नं."

ॲम्ब्युलन्सला फोन लावला, निघतो म्हणाले. आणि मग मी जे केलं त्याची आजही लाज वाटते. मी शेजारी धावले. शेजारच्या घरची साखर चालेल ना यांना? दाराला कुलूप. माझ्या ओट्यावर साखरेचा डबा काठोकाठ भरलेला, आणि मी अनवाणी दुसऱ्याच्या कुलपाशी झटतेय! म्हणजे ती रीत माझ्याही अंगात भिनलेली होती. स्वतःला शिव्या घालत परत पळाले.

तोवर बाबांची मान एका बाजूला कलली होती. मी खांदे धरून हलवलं. डोळे न उघडताच ते बोलले, अगदी हळू. "मी खाल्लं तर तुले लेकरू होणार नाही, बाई."

नऊ वर्षं मी ज्याला टोमणा समजत होते तो बाबांचा नवस होता. माझ्यासाठी हा माणूस दर रविवारी गार पोळी खात होता, आणि माझ्यासाठीच आता जीव द्यायला बसला होता. मला इतका राग आला, इतका राग आला, की रडायचंही सुचलं नाही. मुठीत साखर घेतली, पाण्यानं ओली केली, त्यांचा जबडा धरला आणि बोटानं गालाच्या आत चोळली. त्यांनी माझं बोट चावलं. चावा म्हटलं, पण गिळा. थोडी थोडी करत चोळत राहिले. शेवटी गळा हलला.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा ते डोळे उघडून बसले होते. बोटाला सुई टोचून त्या लोकांनी तपासलं. साखर चढून राहिली म्हणाले, पण यांना आत्ताच्या आत्ता पोटभर जेवू घाला, नाहीतर पुन्हा उतरेल. कागदावर सही घेऊन ते गेले, आणि आम्ही दोघंच उरलो.

"काय चारलं तू मले?" बाबांनी विचारलं.

"साखर."

"कोणाच्या घरची?"

"माझ्या."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. "सारं वाया घालवलं वं तू. इतके वर्षं सांभाळलं होतं मी."

त्यांना जेवायला बसवायचं होतं, आणि त्यासाठी जे बोलायचं होतं ते मी दोन वर्षं पोटात ठेवलं होतं. चिडले की माझी कामठीची बोली बाहेर येते. त्या दिवशी ती चिडून आली नाही.

"बाबा, काही वाया नाही गेलं. मले मूल होणारच नाही. डॉक्टरनं सांगून दोन वर्षं झाले. सगळ्या तपासण्या झाल्या, दोनदा."

त्यांनी हात खाली घेतले.

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही आस लावून बसले होते. हिंमत नाही झाली माही."

"एकटीच घेऊन बसली हे? दोन वर्षं?"

मी मान डोलावली. बाबा भिंतीला धरून उठले. मी हात पुढे केला तर तो घट्ट धरला आणि टेबलापाशी आले. खुर्ची ओढली, बसले, सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

"मंग आता कोणासाठी उपाशी बसू मी?" ते म्हणाले. "वाढ. आन् तुह्यं ताट बी घे."