अपरा म्हणजे वार

"आधी रस्ते बघा," असं म्हणत मॅडम ट्रेमधली वार दोन्ही हातांनी उचलायच्या आणि खिडकीच्या उजेडात धरायच्या. बाळाच्या मागून पडते ती वार. आईकडून बाळाला जे काही मिळतं, ते तिच्यातल्या रक्तवाहिन्यांमधून. मॅडम त्यांना रस्ते म्हणायच्या.

पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत त्यांची प्रयोगशाळा होती आणि मी तिथे तंत्रज्ञ. रोज सकाळी आत शिरताना त्या विचारायच्या, "आज वार आहे का?" एकदा नव्या वॉचमनने उत्तर दिलं, "मंगळवार आहे, मॅडम." त्या हसल्या नाहीत. "ते मला माहीत आहे," एवढं म्हणून जिना चढल्या.

काही बाळं पोटात वाढतच नाहीत. मग सासू सुनेला बोलते, ही काही खात नाही म्हणून. मॅडम तिथेच सासूला थांबवायच्या. "अहो, ती खातेय. रस्ता अरुंद आहे, बाळापर्यंत पोचत नाही." रक्तवाहिन्या वाढवणारा जीन आईच्या गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत सोडून हा रस्ता रुंद करता येईल का, हे त्या शोधत होत्या. मजल अजून वारेच्या तुकड्यांपर्यंतच होती, काचेच्या बशीत.

"मॅडम, हे औषध माझ्या बाळाला मिळेल का?" असं बायका विचारायच्याच.

"नाही. तुमच्या बाळाला नाही."

जरा गोड सांगा की, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "गोड बोलून वजन वाढतं का बाळाचं?" त्या म्हणाल्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जवळ जायला अवघड, आणि गेल्यावर सोडवत नाही.

वाघोलीहून एक बाई यायची. माणसं अकोल्याकडची, नवरा कारखान्यात. सहाव्या महिन्यात बाळ वाढायचं थांबलं होतं. संमतीचा फॉर्म तिला आणि सासूला मीच वाचून दाखवला. माझे उच्चार स्वच्छ आहेत याचा मला गर्व होता. 'प्रसूतीनंतर अपरा संशोधनासाठी देण्यास माझी संमती आहे.' तिने सही केली.

बाळ सातव्या महिन्यात जन्मलं आणि दुपारपर्यंत गेलं. वारेत रस्ते जवळजवळ नव्हतेच. अशाच वारेची मॅडम वर्षभर वाट पाहत होत्या. तुकडे बशांत ठेवून झाले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी जीन सोडायचा होता. तेवढ्यात सासू दारात आली.

"आमची वार द्या, बाई. लेकरासंगं मातीत पुरा लागते."

मी फॉर्म पुढे केला. "आजी, अपरा संशोधनासाठी दिली आहे तुम्ही. ही सही."

"अपरा द्या कोनालेबी," ती म्हणाली. "आमाले वार पाह्यजे."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "वाचताना वार म्हणालात?"

"फॉर्मवर अपरा लिहिलंय, मॅडम. सही आहे."

"सही आहे. कळलेलं नाही."

एकेक बशी उघडून त्यांनी चिमट्याने सगळे तुकडे गोळा केले. आमच्या खोक्यांवर जैविक कचऱ्याचं चिन्ह असतं, म्हणून स्वतःचा जेवणाचा स्टीलचा डबा रिकामा करून धुतला, त्यात वार ठेवली आणि पांढऱ्या कापडात बांधून म्हातारीच्या हातात दिली. "चूक आमची आहे," म्हणाल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीकडून फॉर्म बदलून घेतला. अपरा गेली, वार आली. आता बायकांना सगळं कळायचं आणि कळल्यावर बऱ्याच जणी नाही म्हणायच्या. काम रखडलं. मी कुरकुरलो की मॅडम म्हणायच्या, "त्यांची आहे ती." गेल्या वर्षी आजारपणात त्या गेल्या. काम चालू राहिलं, पण जीन बशीच्या पुढे गेला नाही. तशी वारही पुन्हा मिळाली नाही, आणि त्यात माझ्या स्वच्छ उच्चारांचा वाटा आहे, हे मला विसरता येत नाही.

या वर्षी वाघोलीची ती बाई पुन्हा आली. पुन्हा सहावा महिना, पुन्हा तेच.

"त्या डब्यावाल्या मॅडम कुठी हायेत?"

"गेल्या."

"औषध झालं का त्यायचं?"

"नाही अजून."

"मंग या लेकराले भेटनार नाही?"

"नाही. तुमच्या बाळाला नाही." मॅडमच्या तोंडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं, ते इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं.

मी फॉर्म वाचू लागलो. 'वार' शब्दाशी तिने मला थांबवलं. "अर्धी घ्या. अर्धी आमाले पुरा लागते." मग सही केली.

काल सकाळी तिला मुलगी झाली. काचेच्या पेटीत आहे, डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. मी वार दोन्ही हातांनी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. रस्ते होते, पण थोडे आणि बारीक. मागून कोणी काही म्हणेल म्हणून मी उगाच थांबलो. मग अर्धी बशांत ठेवली, माझा जेवणाचा डबा रिकामा केला आणि धुवायला घेतला.