हरणाबाईचं न्हाई

पलूसच्या हरणाबाईची जीभ मूळची तिखट. बांधावर एकदा सुरू झाली की पलीकडच्या शिवारातल्या बाया खुरपं टाकून ऐकत बसायच्या. सासूसुद्धा तिच्या वाऱ्याला उभी राहत नसे. तीच हरणाबाई त्र्याहत्तर साली गप्प झाली. थोरली शालू दुधाची चरवी लवंडून पळाली, तेव्हा ती रागाच्या भरात ओरडली होती, "मर जा तिकडं!" त्याच संध्याकाळी पोरीला विहिरीतून वर काढलं.

वाईट बोललं की वास्तू तथास्तु म्हणते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. हरणाबाईला तर आता पुरावाच मिळाला होता.

नवरा नाथाजी पलटणीतून रजेवर आला. बायकोचं अन्न तुटलेलं, झोप उडालेली बघून तो तिला सांगलीला मनाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. तिथली रीत निराळी. दर भेटीला आधी क्षमाताई नावाची बाई छापील कागदावरचे प्रश्न वाचायची आणि उत्तरावर खूण करायची. झोप लागते का? छातीत धडधडतं का? त्या खुणा पाहून डॉक्टर त्या दिवशी काय बोलायचं ते ठरवायचे. पद्धत चांगली होती, उगाच नावं ठेवू नयेत. पण शेवटचा प्रश्न होता, "मरून जावं असं वाटतं का?"

वाटत होतं. रोज वाटत होतं. पण 'व्हय' म्हटलं आणि ते खरं झालं, तर पाळण्यातल्या धाकट्याला कोण?

"न्हाई," ती घाईनं म्हणायची. पुढंपुढं बाकीच्या प्रश्नांनाही वाईट बोलायची तिला धास्ती वाटू लागली. "झोप लागती. भूक लागती. समदं बरं हाय."

कागदावर हरणाबाई बरी होत गेली. डॉक्टर खूश. एके दिवशी म्हणाले, "आता यायची गरज नाही." नाथाजीनं हात जोडले. हरणाबाई मात्र खुर्चीवरून उठेना.

"ताई, त्या शेवटच्याला माजं न्हाई लिवू नगा."

क्षमाताई चमकली. "मग होय लिहू?"

हरणाबाईनं पदर तोंडात कोंबला आणि जोरजोरानं मान वरखाली केली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"थांबा जरा. आज परत बोलू," डॉक्टर म्हणाले.

नाथाजी ओशाळला. "रजा संपली सायेब. बरी हाय म्हणून तुमीच सांगितलं न्हवं?"

त्यानं तिला दंडाला धरून उठवलं. पदर तोंडात तसाच धरून ती त्याच्यामागं पलूसच्या गाडीत जाऊन बसली.